शाळेचं रेटिंग की शेजाऱ्यांचा पगार?

शिकागोच्या आसपास घर शोधणाऱ्या कुठल्याही मराठी जोडप्याशी बोला. बेडरूम किती, बेसमेंट फिनिश्ड आहे का, देसी ग्रोसरी किती लांब, हे सगळं नंतर येतं, इथे सरकारी शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते, म्हणून पहिला प्रश्न एकच असतो, एलिमेंटरी शाळेचं दहापैकी रेटिंग काय? आठच्या खाली असेल तर लिस्टिंग उघडायचंच नाही. नऊ-दहा असेल तर मग छत गळकं असलं, किचन १९८५ चं असलं तरी चालतं, "करून घेऊ नंतर". मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या लाइनीत हे संभाषण मी इतक्यांदा ऐकलंय की आता वरण-भात वाढून घेईपर्यंत कुठला आकडा पुढे येणार तेही सांगता येतं, आणि गंमत म्हणजे ज्या शाळेबद्दल एवढं बोलणं चालू असतं तिच्या आत पाय ठेवलेलं त्यात बहुतेक वेळा कोणीच नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की तो आकडा शाळा कशी शिकवते हे कमी सांगतो आणि शाळेत कोणाची मुलं येतात हे जास्त सांगतो. त्या आकड्यापायी घराच्या किमतीत आपण जे जास्तीचे पैसे ओततो त्यातले बरेचसे शेजार विकत घेण्यासाठी असतात. घ्यायला माझी हरकत नाही, पण मग "शिक्षणासाठी केलं" असं सांगत फिरू नये.

रिअल्टरला, म्हणजे घर दाखवणाऱ्या एजंटला, कधी सरळ विचारून बघा, शाळा चांगली आहे का हो इथली? तो हसेल आणि विषय बदलेल. कारण १९६८ च्या फेअर हाउसिंग ॲक्टखाली वंश, रंग, धर्म, मूळ देश बघून गिऱ्हाइकाला अमुक वस्तीकडे वळवणं आणि तमुक वस्तीपासून लांब ठेवणं बेकायदा आहे, आणि "शाळा चांगली" म्हणण्याच्या आडून नेमकं तेच होतं हे त्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे, म्हणून शहाणा एजंट म्हणतो, वेबसाइटवर बघून घ्या. मग आपण झिलो ही घरांच्या जाहिरातींची साइट उघडतो, तिथे घराच्या फोटोंच्या खाली ग्रेटस्कूल्सचा एक ते दहातला आकडा असतोच. म्हणजे जे एजंटने तोंडाने बोललं तर लायसन्सवर येईल ते आकड्याने बिनबोभाट होऊन जातं! ग्रेटस्कूल्स ही १९९८ ला सुरू झालेली नॉन-प्रॉफिट संस्था आहे, पालकांना माहिती मिळावी हाच हेतू, त्याबद्दल वाद नाही. पण शिक्षणाच्या बातम्या देणाऱ्या चॉकबीटने २०१९ मध्ये या रेटिंगची छाननी केली तेव्हा निघालं ते असं की ही रेटिंग्ज घर शोधणाऱ्यांना काळी आणि हिस्पॅनिक मुलं कमी असलेल्या शाळांकडे ढकलतात. संस्थेने २०१७ ला आणि पुन्हा २०२० ला पद्धत बदलली, मुलांची प्रगती किती झाली याला वजन वाढवलं, ते चांगलंच केलं. पण आपण लोक आकड्याच्या खाली स्क्रोल करतोय कुठे.

आता हा आकडा येतो कुठून ते बघू, कारण इथेच खरी मेख आहे. सरकारी नियमाप्रमाणे वाचन आणि गणिताची परीक्षा तिसरी ते आठवी दरवर्षी होते, इलिनॉयमध्ये तिला आयएआर म्हणतात, मार्च-एप्रिलच्या सुमारास असते. म्हणजे केजी ते पाचवीच्या शाळेत बालवाडीपासून दुसरीपर्यंत मुलांनी काय शिकलं याची या परीक्षेत नोंदच नाही, सगळा डोलारा तिसरी, चौथी, पाचवी या तीन वर्गांवर. आणि पहिली परीक्षा होते तेव्हा पोर आठ-नऊ वर्षांचं झालेलं असतं. त्या आठ-नऊ वर्षांतली पाच तर शाळेबाहेरच गेलेली. घरात पुस्तकं होती का, आईबाप रात्री गोष्ट वाचून दाखवायला घरी होते की दुसऱ्या शिफ्टला होते, महागडं प्रीस्कूल परवडलं की आजीकडे किंवा शेजारणीकडे ठेवलं, भाडं थकलं म्हणून वर्षात दोनदा घर बदललं का, हे सगळं त्या तिसरीच्या पेपरात उतरतं. आणि आपण त्याचं श्रेय किंवा खापर कोणाला देतो, तर शाळेला.

हे काही मी नवीन सांगत नाहीये. १९६४ च्या सिव्हिल राइट्स ॲक्टमध्येच सरकारला सांगितलं होतं की शाळांमधली विषमता मोजा, त्यातून जेम्स कोलमन यांचा १९६६ चा अहवाल आला, सहा लाखांहून जास्त मुलांची माहिती घेऊन केलेला. सगळ्यांची अपेक्षा होती की काळ्या मुलांच्या शाळांच्या इमारती, पुस्तकं, लॅब वाईट म्हणून निकाल वाईट असं निघेल. निघालं ते वेगळंच, इमारत आणि सामानापेक्षा घरची परिस्थिती आणि वर्गात सोबत कोण बसतं याचा निकालाशी जास्त संबंध दिसला. साठ वर्षं होत आली, त्यावर भांडणं झाली, पद्धतीवर टीका झाली, पण मुख्य गोष्ट पुसली गेली नाही.

त्यानंतरचं काम स्टॅनफर्डच्या शॉन रीअर्डन यांचं. त्यांनी देशभरातल्या स्कूल डिस्ट्रिक्टांचे, म्हणजे एकेका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थांचे, निकाल एका मापावर आणले आणि दोन गोष्टी वेगळ्या केल्या, मुलं तिसरीत कुठे आहेत आणि तिथून पुढे दरवर्षी किती सरकतात. पहिल्या गोष्टीचा घरच्या उत्पन्नाशी घट्ट संबंध निघाला. दुसरीचा फारच सैल. गरीब भागातल्या काही शाळा मुलांना भराभर पुढे नेतात आणि श्रीमंत भागातल्या काही शाळा पुढे असलेल्या मुलांना नुसत्या सांभाळतात. आणि यातलं सगळ्यात मोठं उदाहरण कोण, तर आपलं शिकागो! ज्या शिकागो पब्लिक स्कूल्सचं नाव काढलं की नेपरव्हिलसारख्या सधन उपनगरातले लोक नाक मुरडतात त्याच. तिथली बहुतांश मुलं काळी आणि लॅटिनो, बहुतांश कमी उत्पन्नाच्या घरातली, तिसरीत राष्ट्रीय सरासरीच्या बरीच मागे. पण २००९ ते २०१४ च्या आकड्यांत ही मुलं तिसरीपासून आठवीपर्यंतच्या पाच वर्षांत साधारण सहा वर्षांचं शिकली, देशातल्या ९६ टक्के डिस्ट्रिक्टांपेक्षा जास्त वेग. लोकांना शंका आली, कॉपी झाली असेल, कमकुवत मुलं सोडून गेली असतील, तेही तपासून झालं आणि निष्कर्ष टिकला. आज २०२६ ला तोच वेग आहे असा माझा दावा नाही, पण त्या काळात शिकागोतली एखादी तीन रेटिंगची शाळा शिकवण्यात उपनगरातल्या नऊवाल्या शाळेपेक्षा सरस असणं अगदी शक्य होतं आणि त्या आकड्यावरून ते कोणालाच कळलं नसतं.

त्यात "प्रोफिशियंट किती टक्के", म्हणजे राज्याने ठरवलेल्या पातळीला किती मुलं पोचली, हा हिशोबच मुळात विचित्र आहे. एक रेघ मारायची आणि वर किती, खाली किती मोजायचे. खूप खालून रेघेच्या जवळ आलेलं पोर शून्य, रेघेच्या जरा वर असलेलं पोर वर्षभर काहीही न शिकता एक. म्हणजे एखाद्या बाईंनी वर्षभर घासून पाच पोरांना दोन इयत्ता पुढे आणलं आणि तरी ती रेघेच्या खालीच राहिली तर शाळेच्या टक्केवारीत त्यांच्या मेहनतीचा मागमूस नाही. आणि रेघ काही आकाशातून पडलेली नसते, माणसंच मारतात, इलिनॉयने २०२५ मध्ये ती खाली आणली, आधीची इतर राज्यांच्या मानाने फार कडक होती हे कारण दिलं, कारणात तथ्यही आहे, पण परिणाम असा की पोरं तीच, बाई त्याच आणि शाळा एका उन्हाळ्यात सुधारली.

आता निकालाच्या शेजारचा तक्ता बघू, डेमोग्राफिक्सचा. हा तर आपण लोक फार बारकाईने वाचतो, विशेषतः "एशियन" किती टक्के हा रकाना. पन्नास असेल तर काही जण खूष, काही जण "नको बाबा, फार कॉम्पिटिशन". पण एशियन म्हणजे कोण? आपण भाजी आणायला शिकागोतल्या ज्या देवॉन अव्हेन्यूला जातो त्याच भागात रोहिंग्या निर्वासितांची मोठी वस्ती आहे, म्यानमारमधून जीव वाचवून आलेली माणसं, कित्येकांना शाळेचं तोंड बघायला मिळालेलं नाही. त्यांचं पोर आणि सॉफ्टवेअर आर्किटेक्टचं पोर दोघंही एकाच रकान्यात, एशियन. मग "एशियन मुलांचा निकाल उत्तम" म्हटलं की त्या रोहिंग्या मुलाची अडचण आपल्या मुलाच्या मार्कांखाली झाकली जाते. आपल्याला त्याने काही फरक पडत नाही म्हणून आपल्या लक्षात येत नाही, एवढंच.

दुसरा रकाना इंग्लिश लर्नर, थोडक्यात ईएल, म्हणजे इंग्रजी अजून नीट न येणारी मुलं. शाळेत नाव घालताना होम लँग्वेज सर्व्हे भरावा लागतो, घरी दुसरी कुठली भाषा बोलतात का, मूल ती बोलतं का. मराठी लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होते. आणि आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा सल्ला ठरलेला, "मराठी लिहू नका हं, ईएलमध्ये टाकतात, मग मागे पडतो". रविवारी पोराला मराठी शाळेत सोडायचं, बोलगाणी पाठ करून घ्यायची आणि सोमवारी सरकारी फॉर्मवर लिहायचं, घरी फक्त इंग्रजी! आता त्या रकान्याची गोष्ट ऐका. मुलाला इंग्रजी नीट यायला लागलं की ते ईएलमधून बाहेर काढलं जातं, म्हणून त्या गटात उरतात ती अजून न आलेली. दवाखान्यातल्या बरं झालेल्यांना डिस्चार्ज द्यायचा आणि मग म्हणायचं, बघा इथले सगळे आजारीच दिसतात, तसला प्रकार. केंद्राच्या २०१५ च्या कायद्याने बाहेर पडलेल्या मुलांना चार वर्षांपर्यंत त्या गटात धरायची मुभा दिली आहे, तरी वाचणाऱ्याच्या डोक्यात राहतं ते एवढंच की ईएल जास्त, शाळा वाईट. आणि इलिनॉयचा नियम तर असाय की एकाच शाळेत एकाच भाषेची वीस किंवा जास्त ईएल मुलं झाली की शाळेला त्या भाषेतूनही शिकवायची सोय करावी लागते. म्हणजे आपण खरं लिहिलं असतं तर एखाद्या शाळेत सरकारी खर्चाने मराठीची बाई आली असती की नाही कोण जाणे, पण हिशोबात तरी धरलं असतं.

आणि एक रकाना आपल्याला फार झोंबणारा, क्रॉनिक ॲबसेंटीझम. वर्षातल्या दहा टक्के किंवा जास्त दिवस गैरहजर, कारण काहीही असो. शाळेचे एकशे सत्तर-ऐंशी दिवस धरले तर सतरा-अठरा दिवस. आता आपली भारतवारी बघा, डिसेंबरात तिकीट महाग म्हणून जरा आधी निघायचं, भावाचं लग्न संक्रांतीनंतर म्हणून जरा उशिरा यायचं, ख्रिसमसची सुट्टी सोडून चार आठवडे गेलेच. झालं, आपलं पोर त्याच यादीत जिथे दम्याने आजारी पडणारं आणि बस चुकली तर शाळेत सोडायला कोणी नाही म्हणून घरी राहिलेलं पोर आहे. आपल्या पोराची गैरहजेरी म्हणजे "कल्चरल एक्सपोजर" आणि दुसऱ्याच्या पोराची म्हणजे "त्या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही", हे मी चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय.

बरं, आता समोरच्याचं म्हणणं. बरेच जण म्हणतात, आम्हाला माहितीये रे हे सगळं, आम्ही काही खुळे नाही, आम्हाला तीच सोबत हवी आहे, अभ्यासू घरातली मुलं वर्गात असली की आपलं पोरही अभ्यास करतं. हा युक्तिवाद मला "शिक्षणासाठी केलं" यापेक्षा प्रामाणिक वाटतो. सोबतीचा परिणाम असतो, कोलमनच्या अहवालातही तो आहे. पण मग पुढचंही कबूल करा. १९९९ मध्ये सँड्रा ब्लॅक या अर्थतज्ज्ञ बाईंनी बॉस्टनच्या उपनगरांत शाळांच्या हद्दीच्या रेषेच्या या आणि त्या बाजूची घरं ताडून बघितली, रस्ता तोच, गाव तेच, फक्त शाळा वेगळी, तर परीक्षेचे गुण पाच टक्के जास्त असले की लोक घराला अडीच टक्के जास्त मोजत होते. म्हणजे सोबतीला भाव आहे, आणि ज्याला तो परवडत नाही त्याचं पोर आपल्या पोराच्या सोबतीतून आपोआप गळतं. फी न घेणारी सरकारी शाळा, पण तिकीट घराच्या किमतीत लावलेलं. त्यावर इथे प्रॉपर्टी टॅक्सचं ओझं, इलिनॉय देशातल्या सगळ्यात जास्त प्रॉपर्टी टॅक्सवाल्या राज्यांत, आणि शाळांचा मोठा खर्च त्याच टॅक्सवर, म्हणजे महाग घरांच्या गावात शाळेलाही पैसा जास्त. राज्याने २०१७ ला फॉर्म्युला बदलला, गरजेच्या मानाने सगळ्यात कमी पैसा असलेल्या डिस्ट्रिक्टांना नवीन पैसे आधी मिळतात, पण दरी एका कायद्याने बुजण्यातली नाही. ज्या भागांना १९३० च्या दशकात नकाशावर लाल रंग देऊन कर्ज नाकारलं गेलं तिथल्या कुटुंबांनी घर घेऊन पैसा साठवायचा कुठून, हा प्रश्न आपण एच-वन-बीवर आलेली माणसं क्वचितच विचारतो, कारण आपली गोष्ट विमानतळापासून सुरू होते.

शिवाय सोबत-सोबत म्हणताना कुमॉनसारखे शिकवणीचे क्लास विसरू नका. दहा रेटिंगच्या शाळेबद्दलच एक आई मला म्हणाली होती, "शाळेत काही शिकवतच नाहीत हो, दोन अधिक दोनवर सहा महिने, म्हणून कुमॉन लावलंय आणि वीकेंडला रशियन मॅथ". मी विचारलं, मग त्या शाळेसाठी एवढं महाग घर का घेतलं? "अहो, रेटिंग बघा ना!" त्यांना यात विसंगती दिसलीच नाही. त्या शाळेच्या आकड्यात मंगळवार-गुरुवारच्या स्ट्रिपमॉलमधल्या वर्गाची फी मिसळलेली आहे, ती कोणी भरली तर पालकांनीच. शाळेने किती शिकवलं आणि कुमॉनने किती, हे कुठलीच परीक्षा वेगळं काढून दाखवत नाही.

तिकडे महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांनी फार हसू नये. झेडपीच्या शाळेला आपण काय म्हणतो? ज्याला जमलं त्याने पोराला इंग्लिश मीडियमला हलवलं, उरली ती शेतमजुरांची, ऊसतोडीला जाणाऱ्यांची, पारध्यांच्या पालावरची मुलं, आणि मग निकाल बघून म्हणायचं झेडपीचे गुरुजी शिकवत नाहीत. काही शिकवत नसतीलही, पण ते निकालावरून कळत नाही. २०२४ मध्ये सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेला आरटीईच्या २५ टक्के जागांमधून सूट देऊन टाकली होती, हायकोर्टाने जुलैमध्ये ते रद्द केलं. त्या काळातल्या सोसायटीच्या ग्रुपवरचे मेसेज आठवून बघा, "ती मुलं आली की वातावरण बिघडतं". नेपरव्हिल काय नि बाणेर काय.

याचा अर्थ परीक्षा बंद करा आणि आकडे जाळून टाका असा मी अजिबात म्हणत नाही, तसं म्हणणारे लोक इथे आहेत आणि मला त्यांचा जास्त राग येतो. २००२ ला सही झालेल्या नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड कायद्याने बरेच घोळ घातले, परीक्षेपुरतंच शिकवणं वाढलं, चित्रकला-संगीताचे तास कापले गेले. पण त्याने एक मोलाचं काम केलं, शाळांना गटवार निकाल जाहीर करायला लावले. त्याआधी श्रीमंत उपनगरातली शाळा सरासरी दाखवून छाती फुगवायची आणि त्यातल्या मूठभर काळ्या किंवा अपंग किंवा गरीब मुलांचं काय चाललंय ते सरासरीत बुडून जायचं. आज नऊवाल्या शाळेचं राज्याने काढलेलं रिपोर्ट कार्ड उघडून कमी उत्पन्नाच्या मुलांची ओळ वाचली तर काही ठिकाणी धक्का बसतो, शाळा फक्त आधीच पुढे असलेल्यांसाठी चांगली आहे हे तिथे उघडं पडतं. ती ओळ वाचायला मिळते ती परीक्षेमुळेच. आणि हेही खरं की जिथे मुलं मागेही आहेत आणि पुढे सरकतही नाहीत अशा शाळा आहेत, त्यांना "गरिबी आहे हो" म्हणून सोडून देणं हा त्या मुलांवर दुहेरी अन्याय आहे.

त्यामुळे बघायचंच असेल तर इलिनॉयच्या रिपोर्ट कार्डवर ग्रोथ बघा, म्हणजे मुलं वर्षभरात किती पुढे सरकली ते. सारख्याच गुणांवरून सुरुवात केलेल्या राज्यातल्या मुलांशी तुलना करून ते शंभरातला आकडा देतात, पन्नास म्हणजे सर्वसाधारण. एलिमेंटरीत तो चौथी-पाचवीचाच मिळतो, तिसरीला मागचा पेपर नसतो म्हणून, आणि वर्ग लहान असेल तर एका वर्षात वर-खाली उडतो, तेव्हा तीन-चार वर्षांचा बघा. त्याच साइटवर शिक्षक किती टिकतात तोही आकडा आहे, दरवर्षी निम्मा स्टाफ बदलत असेल तर रेटिंग काहीही असो मला भीती वाटेल. आणि शाळेत जा हो एकदा, प्रिन्सिपलला विचारा की दुसरीत वाचायला न येणाऱ्या मुलाचं तुम्ही काय करता. उत्तर पाच मिनिटांचं आणि नेमकं आलं तर चांगलं, "वी मीट एव्हरी चाइल्ड व्हेअर दे आर" एवढंच आलं तर समजायचं ते समजा.

हे सगळं घर घेण्यापुरतंच असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. मुलांची संख्या बदलली की डिस्ट्रिक्टला हद्दी नव्याने आखाव्या लागतात, आणि त्या मीटिंगला एरवी कधी न दिसणारे आपले लोक स्वेटरवर जॅकेट चढवून हजर असतात. माइकवर बोलणं सगळं मुलांच्या मैत्रीबद्दल आणि बस किती लांबून येईल याबद्दल, पार्किंग लॉटमध्ये बोलणं घराच्या किमतीबद्दल. पलीकडच्या ज्या शाळेत पोरं जाणार म्हणून एवढा आकांत, तिची ग्रोथ किती आहे हे माइकवर कोणी विचारत नाही, कधीकधी ती आपल्या शाळेपेक्षा जास्तही निघते. हद्दी ठरवणाऱ्या स्कूल बोर्डाच्या मेंबरांना इथे उपनगरांत पगार नसतो, त्यांची निवडणूक विषम वर्षांत एप्रिलमध्ये होते, मतदान तुरळक, त्यामुळे पन्नास-शंभर मतांनी निकाल फिरू शकतो. आपल्यातले जे सिटिझन झालेत त्यांना मत आहे, ज्यांना नाही त्यांनाही मीटिंगला बसता येतं, बोलताही येतं. पुढच्या वेळी हद्दीचा विषय निघाला तर पहिला प्रश्न दोन्ही शाळांच्या ग्रोथचा विचारा, घराच्या किमतीचा खुशाल त्याच्यानंतर विचारा.